चटई, पंचांग आणि सात रात्री: सोलापुरातून तारे बघायचे तर

दर दोन-चार महिन्यांनी आमच्या आकाशवाल्या ग्रुपमध्ये कुणीतरी नवीन येतं आणि पहिला प्रश्न ठरलेला, ताई टेलिस्कोप कुठला घेऊ, बजेट इतकं इतकं. मी उलटं विचारते, रोहिणी कुठली ते दाखवता येतं का? की मग दोन दिवस शांतता. टोमणा नाही ओ मारत, ज्याला डोळ्यांनी रोहिणी सापडत नाही त्याला टेलिस्कोपमधून तर अजिबातच सापडणार नाही, कारण त्यातून आकाशाचा नखाएवढा तुकडा दिसतो आणि तो तुकडा कुठला हे आपल्यालाच माहिती पाहिजे. मी स्वतः हे पैसे घालवून शिकलेय. खोक्यावर ५२५ एक्स, म्हणजे ५२५ पट मोठं दाखवणार, असं ठळक लिहिलेलं, आत निघाला प्लास्टिकचा नळा आणि फुंकर मारली तरी थरथरणारा ट्रायपॉड. त्या ट्रायपॉडवर आता आईने मनीप्लांट चढवलाय, छान वाढलाय.

तर आधी सात रात्री द्या. लागणारं सामान म्हणजे चटई, एक जुनी चादर (सोलापुरात चादरीला काय तोटा), वही-पेन, टॉर्च आणि पंचांग. पंचांग बघून कपाळाला आठ्या आणू नका, भविष्यासाठी नाही सांगत. दाते पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघतं, घरात कुठंतरी खिळ्याला लटकलेलं असणारच, आणि आकाश बघणाऱ्याला त्यात फुकटची माहिती लै असते. आज तिथी कुठली म्हणजे चंद्र किती आणि कधी उगवणार, चंद्र कुठल्या नक्षत्रात, ग्रह कुठल्या राशीत. चंद्र रोज साधारण १३ अंश सरकतो आणि एक नक्षत्रही १३ अंश २० कलांचं, म्हणजे रोज एक नक्षत्र. पंचांगात ज्येष्ठा लिहिलं असेल त्या पहाटे चंद्राच्या आसपास जो लालसर तारा दिसेल तोच ज्येष्ठा, ॲप उघडायची गरजच नाही. आणि आपल्या पंचांगातली निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून मोजलेली, रास आकाशातल्या ताऱ्यांशी बऱ्यापैकी जुळते, पेपरातल्या इंग्रजी पद्धतीच्या राशी जुळत नाहीत, त्यात साधारण २४ अंशांचा फरक पडतो. ॲप हवंच असेल तर स्टेलॅरियम टाका, पण चौथ्या रात्रीनंतर. आधी टाकलं की माणूस आकाशाऐवजी मोबाइलच बघत बसतो, आणि मोबाइलच्या उजेडाने डोळ्यांची वाट लागते ती वेगळीच.

आठवडा कुठला निवडायचा ते नीट बघा, निम्मं काम तिथंच होतं. फेब्रुवारीत येणारी अमावस्या धरा आणि तिच्या आधीची वद्य अष्टमी-नवमी झाली की सुरू करा. त्या दिवसांत चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो आणि रोज आणखी उशिरा, म्हणजे संध्याकाळ अख्खी काळोखी आणि रोज रात्रीतला जास्त वेळ आपल्या वाट्याला. अमावस्या शनिवारच्या जवळ आली तर सोनंच, शेवटची रात्र बाहेर काढता येते. पाऊस नाही, धुकं नाही, थंडी सोसण्यासारखी. पावसाळ्यात हे करायला जाऊ नका, चार महिने आमचा ग्रुप नुसता फोटो फॉरवर्ड करत बसतो. पुढच्या सगळ्या वेळा मी फेब्रुवारीच्या मध्याच्या धरून सांगतेय, तारे रोज ४ मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे तुम्ही १५ दिवस उशिरा सुरू केलंत तर सगळं तासभर आधी बघा.

दोन इशारे खास आपल्या गावासाठी. पाणी यायचा दिवस सोडून गच्चीवरचा कार्यक्रम ठरवा, नाहीतर रोहिणी सापडते न सापडते तोच खालून मोटर लावायची हाक येते. आणि लग्नाचा मुहूर्त असेल त्या दिवशी जवळच्या मंगल कार्यालयातून शार्पी लाइटचे झोत आकाशात फिरत असतात, त्या रात्री सरळ झोपा.

रविवारी सुरुवात दुपारपासूनच करा, ग्रुपमधली पोरं असतील तर जास्त मजा. गच्चीवर एक सरळ काठी उभी करा, ओळंबा लावून अगदी सरळ, आणि बारापासून दर ५ मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. सगळ्यांना वाटतं १२ वाजता सावली सगळ्यात आखूड होणार. नाही होत. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि सोलापूर ७५.९ वर, म्हणून आपला सूर्य सरासरी २६ मिनिटं मागे, त्यात फेब्रुवारीत पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्यामुळे आणखी १४ मिनिटांची भर, त्यामुळे आखूड सावली पडते १२:४० च्या सुमारास. ती सावली जिथे आखूड पडली तिथली रेघ म्हणजे खरी उत्तर-दक्षिण. ती ऑइलपेंटने गच्चीवर मारून ठेवा, पुढे आयुष्यभर कामाला येते (घरमालकाला आधी विचारा, मी विचारलं नव्हतं). हीच काठी मे महिन्यात १०-१२ तारखेच्या आसपास परत उभी करा, दुपारी १२:२३ च्या दरम्यान सावली पायाखाली गायब होते. शून्य सावली वर्षातून दोनदा येते, दुसरी वेळ ऑगस्टच्या सुरुवातीला, पण तेव्हा ढगांचीच सावली असते.

सूर्य बघायचा असेल तर आरशाचा प्रयोग. छोटा आरसा घ्या, त्यावर काळा कागद चिकटवा, कागदाला मध्ये वाटाण्याएवढं भोक. उन्हात धरून कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर टाका. १० मीटर लांब भिंत असेल तर साधारण ९ सेंटिमीटरचा गोल पडतो, तो भोकाचा आकार नाही, ती सूर्याची प्रतिमा. भोक चौकोनी कापलं तरी गोलच पडतो, पोरं तिथंच गप्प होतात. दुर्बीण किंवा टेलिस्कोप सूर्याकडे धरायचा नाही म्हणजे नाही, गॉगल लावून नाही, एक्सरे लावून नाही, एक सेकंद पण नाही. डोळा जातो आणि दुखत पण नाही, त्यामुळे कळतच नाही.

रात्री साडेआठला चटई टाका. आजूबाजूचा दिवा थेट डोळ्यात येत असेल तर टाकीच्या आडोशाला सरका किंवा दोरीवर चादर टाका. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एकदा मोबाइल बघितला की परत पहिल्यापासून, म्हणून टॉर्चला पतंगाचा लाल कागद दोन-तीन पदरी लावून रबर मारा, लाल उजेडाने तेवढा त्रास होत नाही. आता मापं शिका. हात पूर्ण ताणून धरलेली मूठ म्हणजे १० अंश, करंगळीची जाडी १ अंश, पौर्णिमेचा चंद्र अर्धाच अंश, खोटं वाटत असेल तर पुढच्या पौर्णिमेला करंगळीमागे लपवून बघा. दुपारच्या उत्तर रेघेवर उभं राहा आणि क्षितिजापासून वर मुठी मोजा. पावणेदोन मुठींवर एक मध्यम तेजाचा एकटा तारा दिसेल, तो ध्रुव. लोकांना वाटतं ध्रुव सगळ्यात तेजस्वी, तसं काही नाही, बिचारा साधा आहे. जितका अक्षांश तितकी ध्रुवाची उंची, सोलापूर १७.७ अंशांवर म्हणून पावणेदोन मुठी, दिल्लीला जवळपास तीन. खात्री करायची तर दहा वाजता ईशान्येला सप्तर्षी उभे राहिलेले असतात, पुढच्या दोघांना, पुलह आणि क्रतूला, जोडणारी रेघ पाचपट लांबवा, ध्रुवावर जाते. गावाकडे चारांना बाजलं म्हणतात आणि मागच्या तिघांना चोर, पोरांना तेच सांगा, लवकर लक्षात राहतं. पहिल्या रात्री एवढंच. जास्त करायला गेलं की सगळं कालवण होतं.

सोमवारी मृग. आठ-साडेआठला दक्षिणेकडे तोंड करून आडवं व्हा, जवळजवळ डोक्यावर तीन तारे एका ओळीत. तो बाण, आजोबा त्याला तिकांडं म्हणायचे. भोवती चार ताऱ्यांचा मोठा चौकोन, ते हरणाचे पाय. एका कोपऱ्यात लालसर काक्षी, समोरच्या कोपऱ्यात निळसर पांढरा राजन्य. नळावर लाल म्हणजे गरम आणि निळा म्हणजे गार असतं ना, आकाशात बरोबर उलटं, राजन्य काक्षीच्या तिपटीहून जास्त तापलेला आहे. आता त्या तिकांड्याची रेघ डावीकडे खाली लांबवा, आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा लागेल, व्याध, ज्याने बाण मारला तो. अंतर ८.६ प्रकाशवर्षं, म्हणजे तुम्हाला दिसतोय तो प्रकाश निघाला तेव्हा तुमची दुसरीतली पोरगी जन्मायची होती. तीच रेघ उलट्या बाजूला उजवीकडे वर नेली की नारिंगी रोहिणी, आणखी पुढे गेलं की कृत्तिकांचा पुंजका. झालं, रोहिणी सापडली, आता ग्रुपवर टेलिस्कोपचं विचारलंत तरी मी काही बोलणार नाही.

इथे एक घोळ कायम होतो. शेतकरी म्हणतात मृग निघाला, ते ७-८ जूनला. तेव्हा मृगाचे तारे बघायला जाल तर दिसणारच नाहीत, कारण पावसाची नक्षत्रं सूर्याची असतात, सूर्य मृगात शिरला म्हणजे मृग दिवसा उजेडात हरवलेला. माझ्या मामांशी यावर एकदा चांगलं तासभर वाजलं, शेवटी दोघंही बरोबर निघालो.

मंगळवार सोपा, फक्त दक्षिण. नऊच्या सुमारास व्याधापासून सरळ खाली साडेतीन मुठी उतरा, क्षितिजापासून दोन मुठींवर एकटाच ठळक तारा, तो अगस्ती, व्याधाच्या खालोखाल तेजस्वी. म्हणजे आपल्याकडे उत्तरेला ध्रुव जेवढा वर, दक्षिणेला अगस्ती त्याच्यापेक्षा किंचितच जास्त. दिल्लीवाल्यांना तो एक मूठभर पण वर येत नाही, आपल्याला आरामात दिसतो. दक्षिणेला उंच बिल्डिंग असेल तर मात्र मित्राची गच्ची शोधा.

त्याच रात्री कृत्तिका मोजा. सरळ न बघता किंचित बाजूला नजर ठेवून, कारण अंधुक वस्तू डोळ्याच्या कडेने जास्त दिसतात. किती मोजल्या ते वहीत तारीख-वेळ टाकून लिहा, शहरात चार-पाचावर अडकलात तर वाईट वाटून घेऊ नका, शनिवारी परत मोजायच्यात. मृगातले किती अंधुक तारे दिसतात ते बघून आपल्या भागातला उजेड नोंदवायचा ग्लोब ॲट नाइट नावाचा जगभरचा उपक्रम आहे, २००६ पासून चालू. आमच्यातल्या एकीने जुळे सोलापूर, अशोक चौक आणि होटगी रोडच्या पुढचं एक शेत अशा तीन ठिकाणांहून मृगातले तारे मोजून तक्ता केला, आणि त्या तक्त्यापुढे माझं उजेडावरचं भाषण फिकं पडलं.

बुधवारी बैठक. ग्रुप असेल तर त्यात जा, नसेल तर तिघं-चौघं जमून आपणच चालू करा, रजिस्ट्रेशन-बिजिस्ट्रेशन नंतर बघता येतं. केगावला विद्यापीठाजवळ सायन्स सेंटर आहे, शाळेतल्या पोरांना घेऊन सुरुवात करायची तर बरी जागा. बैठकीत भाषण ठेवू नका, नवीन माणूस दुसऱ्यांदा येत नाही. कामं वाटा. एकाने ययाती तारकासमूहातला अल्गोल तारा घ्यावा, तो दर २ दिवस २१ तासांनी डोळ्यांना कळेल इतका मंद होतो, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून नोंदी ठेवायच्या. एकाने स्पेस स्टेशन कधी दिसणार ते बघून ग्रुपवर टाकावं, ते साधारण ४०० किलोमीटरवरून दीड तासात पृथ्वीची फेरी मारतं आणि सूर्य मावळल्यावर किंवा उगवायच्या आधी चारेक मिनिटं न लुकलुकता सरळ निघून जातं, सोसायटीतल्या काकूंना पटवायला यासारखं दुसरं काही नाही. मार्चमध्ये अमावस्येला मेसिए मॅरेथॉन असते, मेसिएच्या यादीतल्या ११० धूसर वस्तू एका रात्रीत शोधायच्या, ती पुढच्या वर्षासाठी ठेवा.

आणि नवीन मंडळींना जेऊरची गोष्ट सांगाच, मी दर वेळी सांगते. पुण्याच्या गाडीत कुर्डुवाडी-केमच्या पुढे जेऊर लागतं बघा, करमाळ्याला जाणारे उतरतात ते. २२ जानेवारी १८९८ ला तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसलं आणि त्यासाठी अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा खगोलशास्त्रज्ञ कॅम्पबेल यंत्रं घेऊन थेट आपल्या जिल्ह्यातल्या जेऊरला येऊन राहिला होता. पुण्याच्या तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला पण तिथेच, त्यांनी पुढे जेऊरच्या वेधांचा अख्खा अहवाल छापला. साधारण दोन मिनिटांच्या काळोखासाठी समुद्र ओलांडून माणसं आली, आणि आपण जेऊर आलं की चहा-भजी बघतो. त्याच्या ३० वर्षं आधी, १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण, ज्याच्यातून हेलियमचा माग लागला, त्याचा पट्टा आपल्या खाली विजापूर-जमखंडीवरून गेला होता, तिथेही इंग्रज सूर्याच्या प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे त्यातले रंग वेगळे करून, घ्यायला बसले होते. या दोन गोष्टी ऐकल्यावर लोकांना सोलापुरातून काय दिसणार असं वाटायचं बंद होतं.

गुरुवारी दुर्बीण आणि टेलिस्कोप, एकदाचं. आधी दुर्बीण. १०×५० म्हणजे १० पट मोठं दिसणार आणि पुढची भिंग ५० मिलिमीटरची. हाताने धरली की हलते, म्हणून आडवं होऊन कोपर जमिनीला टेकवा किंवा आरामखुर्ची घ्या. कृत्तिका बघा, साताच्या जागी तीस-चाळीस, मी अजून दर वर्षी अरे बापरे म्हणते. मग तिकांड्याच्या खाली लोंबणारी तलवार, तिच्या मध्यात धुरकट डाग, तो मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा ढग, १३५० प्रकाशवर्षांवर नवीन तारे तयार होतायत तिथे. कर्क राशीत पुष्याजवळचा तारकागुच्छ पण दुर्बिणीतूनच छान, टेलिस्कोपात तो मावत नाही.

ग्रुपचा टेलिस्कोप असेल तर त्यावर हात बसवा, स्वतःचा नंतर घ्या. घ्यायचाच झाला तर किती पट ते विचारू नका, आरसा किती इंची ते विचारा. ६ किंवा ८ इंची डॉब्सोनियन सगळ्यात बिनकटकटीचा, लाकडी डब्यावर बसलेला नळा, वर-खाली आणि गोल फिरवायचा, बास. किती पट हा नुसता भागाकार आहे, आरशाचं नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथवरचं) १२०० मिलिमीटर आणि आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, २५ चा तर ४८ पट, १० चा लावला तर १२० पट. आरशाच्या मिलिमीटरच्या दुप्पट हीच वरची मर्यादा, ६ इंचीला ३०० च्या आसपास, त्यापुढे नुसतं धुरकट मोठं दिसतं. आता कळलं ना ५२५ एक्सचं.

फाइंडर, म्हणजे नळ्यावरची नेम धरायची छोटी दुर्बीण, दिवसाउजेडी जुळवून घ्या, लांबच्या मोबाइल टॉवरचं टोक मुख्य नळीत मधोमध आणा आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याची फुलीपण तिथेच आणा. रात्री अंधारात हे करायला बसलात तर भांडणं होतात. टेलिस्कोप बघायच्या आधी अर्धा तास बाहेर ठेवा, दिवसभर तापलेल्या खोलीतून काढून लगेच बघितलं तर प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी हलते. सुरुवात कायम २५ च्या आयपीसने, वस्तू सापडली की मगच बदला. गुरू त्या वर्षी संध्याकाळी वर असेल तर त्याचे चार चंद्र एका रेषेत दिसतील, शनीची कडी बघायला ३०-४० पट पुरते. आणि बघणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की फोटोसारखा गुलाबी-निळा ढग दिसणार नाही, डोळ्याला तो राखाडी धूरच दिसतो. आमच्याकडे एक काका बघून म्हणाले, एवढंच? मग त्यांना सांगितलं हा प्रकाश सातव्या शतकात निघालाय, सोलापूर नावाचं गाव पण तेव्हा कुणाला माहीत नसेल. परत रांगेत उभे राहिले.

शुक्रवारी आकाश बंद, फोनाफोनी चालू. शनिवारची जागा ठरवायची. ज्या दिशेचं आकाश हवं त्या दिशेला शहर नको, आणि आपल्याला दक्षिण हवी, म्हणून शहराच्या दक्षिणेला जायचं म्हणजे सोलापूरचा उजेड पाठीमागे उत्तरेला राहतो. होटगीच्या बाजूला वीज प्रकल्पाचे दिवे आहेत, ती टाळा. विजापूर रोडने मंद्रूपच्या पुढे, हत्तरसंग कुडलच्या बाजूला बरी काळोखी मिळते. नान्नजचा माळ मोहात पाडतो पण ते माळढोक अभयारण्य आहे, रात्री तिथे घुसायचं नाही, आपल्यामुळे पाखरांना त्रास कशाला. सगळ्यात उत्तम म्हणजे ओळखीच्या माणसाचं शेत, जिथे विहिरीला कठडा आहे आणि बायकांना जायला नीट सोय आहे. ही सोय नसेल तर मी जागा रद्द करते, आकाश कितीही भारी असो.

गावात आधी सांगून ठेवायचं, पोलीस पाटील, सरपंच, शेजारचा शेतकरी. आम्ही पहिल्या वर्षी नाही सांगितलं. अमावस्येची रात्र, माळावर आठ माणसं, तिकाटण्यावर नळा, लाल दिवे आणि मध्येच कुणीतरी ओरडतंय सापडलं सापडलं. अर्ध्या तासात काठ्या घेऊन पंधरा जण आले, गुप्तधन काढायला आलेत म्हणून. चूक त्यांची नव्हतीच. त्यांना रांगेत उभं करून मृगातला तेजोमेघ दाखवला, तेव्हा त्यातल्या एका म्हाताऱ्यांनी आम्हालाच शिकवलं की रात्री पाणी द्यायला आलं की तिकांडं कुठं टेकलंय त्यावरून ते वेळ सांगतात. आता दर वर्षी चहा त्यांच्याकडून असतो. घरच्यांचं मात्र कठीण, अमावस्येला कशाला मरायला माळावर जाता, हे मला चाळिशीत पण ऐकावं लागतं. एकदा आईलाच घेऊन गेले, तेव्हापासून आवाज कमी झालाय.

शनिवारी उजेड असतानाच पोहोचा. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांपासून जपा, गळीत हंगाम चालू असतो, मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात दिसतच नाही. गाडी तोंड बाहेर करून लावा म्हणजे निघताना कुणाच्या डोळ्यात हेडलाइट जाणार नाही, डिकीतला दिवा टेप लावून बंद करा. पायात बूट, बसायच्या जागी आधी काठी आपटून घ्या. हिरवा लेझर एकाच्याच हातात द्या आणि विमान दिसलं की बंद, होटगी रोडला आता विमानं उतरायला लागलीत आणि पायलटच्या डोळ्यात लेझर मारणं हा गुन्हा आहे. खायला कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, हुरडा संपला नसेल तर हुरडा, पण शेकोटी चटयांपासून लांब आणि नऊच्या आत विझवायची.

पावणेआठला पश्चिमेला बघा, संधिप्रकाश संपल्यावर क्षितिजातून वर तिरका चढणारा फिकट सुळका दिसेल, तो शहराचा उजेड नाही, ग्रहांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवर पडलेला सूर्यप्रकाश, राशिचक्र प्रकाश म्हणतात. त्याच सुमाराला वायव्येला देवयानी, नुसत्या डोळ्यांनी एक लांबट धूसर ठिपका, ती आपल्या आकाशगंगेबाहेरची दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचं दुसरं प्रचंड गाव, २५ लाख प्रकाशवर्षांवर. साडेआठला सगळ्यांनी कृत्तिका परत मोजा आणि मंगळवारच्या आकड्याशेजारी लिहा. मग टेलिस्कोप वृषभेच्या शिंगाच्या टोकाजवळ वळवा, खेकडा तेजोमेघ शोधायला वेळ लागेल, ६ इंचीत नुसता भुरकट डाग. १०५४ साली तिथे एक तारा फुटला आणि चिनी नोंदींप्रमाणे २३ दिवस भर दिवसा दिसत होता. आता हे कुडलजवळ बसून बघताना माझ्या अंगावर काटा येतो, कारण इथल्या संगमावरच्या देवळातला मराठी शिलालेख शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा. तो कोरणारा पाथरवट तेव्हा पोरगेला असेल तर म्हातारपणी त्याने तो दिवसा दिसणारा तारा भीमेच्या काठावरून बघितला असेल की काय, कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण मान वर केली असती तर दिसला असता.

अकरानंतर मघा डोक्याकडे येते, थंडी वाजायला लागते आणि निम्मे लोक चादरीत गुडूप होतात. झोपू द्या, पण तीनचा गजर लावा. तीनला दक्षिणेला अगदी खाली, क्षितिजापासून मूठभर वर त्रिशंकूचा छोटा क्रॉस उभा असतो. चारला चित्रा दक्षिणेला आली की तिच्यापासून सरळ साडेतीन मुठी खाली उतरा, व्याधाखालून अगस्तीला उतरलो तसंच, तिथे एक पुसटसा तारा दिसेल. दुर्बीण लावा. तारा नाही तो, ओमेगा सेंटॉरी, १७ हजार प्रकाशवर्षांवरचा एक कोटी ताऱ्यांचा गोळा, टेलिस्कोपात बघितलं की साखर सांडल्यासारखा. युरोपातल्या बहुतेकांना हा त्यांच्या गच्चीवरून कधीच दिसत नाही. तोवर आग्नेयेला वृश्चिक पूर्ण वर आलेला असतो, लाल ज्येष्ठा, आकडा असलेली नांगी आणि तिच्यामागून वर चढणारी आकाशगंगा. या वेळेला कुणी बोलत नाही, बोलू पण नका. साडेपाचनंतर उजळायला लागतं.

गाडी चालवणाऱ्याने निघायच्या आधी तासभर झोप काढायचीच, रात्रभर जागून विजापूर रोडला स्टिअरिंग हातात घेऊ नका. भाकरीचे कागद, चहाचे कप गोळा करा, शेतमालकाला पुढच्या वर्षी पण तोंड दाखवायचंय. वहीतलं रविवारी दुपारी झोप झाल्यावर नीट उतरवून काढा, सोमवारी काही आठवत नाही.

आणि पुढच्या शनिवारी शुद्ध सप्तमी-अष्टमी असेल, तेव्हा कॉलनीतल्या लोकांना चंद्र दाखवायचा. पौर्णिमेचा नको, तो सपाट भगभगीत दिसतो, अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि लोक अक्षरशः ओरडतात. रांगेतल्या लहान पोरांसाठी स्टूल न्या, नाहीतर ती आयपीस धरून लोंबकळतात. आणि आयपीसची टोपणं कुणाच्या तरी एकाच्या खिशात ठेवा, आमची दोन अजून सापडलेली नाहीत.